लिओ फेंडर

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर ऊर्फ लिओ फेंडर (१० ऑगस्ट, १९०९ - २१ मार्च, १९९१) हे विद्युत वाद्ये व अँप्लिफायर बनवणारे अमेरिकन संशोधक आणि उद्योजक होते. टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर या विद्युत गिटारी आणि प्रिसिजन बास ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध वाद्ये होत. आवाजाला लयबद्ध कंप देणाऱ्या ट्रेमोलो या ध्वनिपरिणामाचा प्रसार होण्यातही त्यांच्या अँप्लिफायरांचा मोठा वाटा आहे. फेंडर यांना स्वतःला मात्र गिटार वाजवता येत नव्हती. वादकाच्या हाताला वाद्याने कसा प्रतिसाद द्यावा, हे त्यांनी आयुष्यभर इतरांचे वादन ऐकून आणि त्यांच्या तक्रारी समजून घेऊन ठरवले.

जन्म आणि बालपण

फेंडर यांचा जन्म अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, अनाहाइम व फुलरटन या गावांदरम्यानच्या परिसरात झाला. वडील क्लॅरेन्स माँटी फेंडर आणि आई हॅरिएट एल्व्हायरा यांची तेथे संत्र्यांची बाग होती. लहानपणी आजारपणामुळे लिओ यांचा एक डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसवण्यात आला. याच कारणामुळे पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी त्यांना सैन्यात भरती व्हावे लागले नाही.

त्यांच्या एका काकांचे सांता मारिया येथे मोटारींच्या विजेच्या कामांचे दुकान होते. काकांनी त्यांना टाकून दिलेल्या सुट्या भागांची एक पेटी पाठवली होती. पुढच्या वर्षी ते काकांकडे गेले, तेव्हा काकांनी स्वतः जुळवलेला एक रेडिओ दुकानासमोर मांडलेला होता. त्याच्या कर्ण्यातून निघणाऱ्या मोठ्या आवाजाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. त्यानंतर लवकरच ते आईवडिलांच्या घरीच रेडिओ दुरुस्त करू लागले. लहानपणी त्यांनी पियानोचे आणि नंतर सॅक्सोफोनचे काही शिक्षण घेतले. परंतु वादक होण्यात त्यांना रस नव्हता.

शिक्षण आणि नोकरी

१९२८ साली फुलरटन युनियन हायस्कूलमधून शिक्षण पूर्ण करून फेंडर यांनी फुलरटन ज्युनियर कॉलेजमध्ये हिशेबशास्त्र हा विषय घेतला. विद्युत अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही. महाविद्यालयानंतर ते अनाहाइम येथील एका बर्फ व शीतगृह कंपनीत माल पोहोचवण्याच्या कामावर लागले आणि पुढे तेथेच हिशेबनीस झाले. याच सुमारास एका स्थानिक वाद्यवृंदप्रमुखाने नृत्याच्या कार्यक्रमांसाठी त्यांच्याकडून ध्वनिक्षेपक संच बनवून घेतले.

१९३४ मध्ये त्यांचा विवाह एस्थर क्लोस्की यांच्याशी झाला. नंतर ते राज्याच्या महामार्ग विभागात लेखापाल म्हणून काम करू लागले. महामंदीच्या काळात ती नोकरी गेली. त्यानंतर एका टायर कंपनीत मिळालेली नोकरीही काही महिन्यांतच संपली. अखेर १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्जाऊ घेऊन हे दाम्पत्य फुलरटनला परतले आणि तेथे त्यांनी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले.

दुरुस्तीच्या दुकानातून कारखान्याकडे

या दुकानात रेडिओंबरोबरच संगीतकारांचे बिघडलेले अँप्लिफायरही दुरुस्तीला येत. कोणता भाग आधी निकामी होतो, कोणता जोड सुटतो, वाद्य उघडताना कारागिराला कोठे अडचण येते, हे फेंडर यांना रोज दिसत होते. या अनुभवाचा ठसा त्यांच्या पुढील सर्व कामावर राहिला. त्यांची वाद्ये चटकन उघडता येत आणि सुटे भाग बदलता येत. गिटारीची मान सरसाने न चिकटवता स्क्रूने बसवण्यामागेही हाच विचार होता.

दुकानातच त्यांची ओळख क्लेटन ऊर्फ डॉक कॉफमन यांच्याशी झाली. कॉफमन हे स्वतः वादक आणि संशोधक होते. दांडी हलवून तारांचा ताण बदलणारे आणि त्यामुळे स्वर किंचित वरखाली करणारे व्हायब्रोला नावाचे उपकरण त्यांनी आधीच तयार केले होते. त्याचे विजेच्या मोटारीवर चालणारे रूपही १९३० च्या दशकात एका गिटारीत बसवले गेले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात दोघांनी मिळून के अँड एफ ही कंपनी सुरू केली आणि मांडीवर ठेवून वाजवायच्या स्टील गिटारी व त्यांच्या जोडीचे अँप्लिफायर विकण्यास प्रारंभ केला. व्यवसाय वाढवण्यासाठी कर्ज काढण्याची कॉफमन यांना धास्ती वाटत होती, म्हणून १९४६ मध्ये ते बाजूला झाले. फेंडर यांनी एकट्याने काम पुढे चालू ठेवले आणि त्यातूनच फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी उभी राहिली. १९४८ मध्ये जॉर्ज फुलरटन आणि १९५३ मध्ये हवाईत जन्मलेले वादक फ्रेडी तवारेस त्यांना येऊन मिळाले. विक्रीची बाजू डॉन रँडल सांभाळत.

गिटारींची निर्मिती

१९५० मध्ये फेंडर यांनी पोकळ पेटी नसलेली, भरीव लाकडाची विद्युत गिटार बाजारात आणली. तिचे ब्रॉडकास्टर हे नाव ग्रेच कंपनीच्या ढोलांच्या नावाशी जुळत असल्याने बदलावे लागले. १९५१ पासून ती टेलिकास्टर या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच वर्षी प्रिसिजन बास आला. उभ्या अवजड बासऐवजी गळ्यात अडकवता येणारे, पट्ट्यांमुळे अचूक स्वर देणारे हे वाद्य नाचगाण्याच्या वाद्यवृंदांना फार सोयीचे ठरले.

१९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. तिच्या घोडीला जोडलेली दांडी दाबली की संपूर्ण घोडी झुकते, तारा सैल होतात आणि स्वर उतरतो. दांडी सोडताच गिटारीच्या पाठीमागील पोकळीतल्या स्प्रिंगांमुळे घोडी पूर्वस्थितीत येते. या यंत्रणेचा पहिला आराखडा प्रत्यक्ष वादनात अपयशी ठरला होता, कारण त्यात स्वर लवकर विरत असे. त्यासाठी तयार केलेली हत्यारे व साचे बाद करून फेंडर यांनी नव्याने रचना केली. जड ठोकळ्यासह एकसंध हलणारी घोडी ही या दुसऱ्या प्रयत्नाची निष्पत्ती होय. तिचे एकस्व त्यांना १९५६ मध्ये मिळाले.

ट्रेमोलो आणि व्हायब्राटो या नावांची अदलाबदल

संगीतात ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या तीव्रतेतील जलद चढउतार. एकच स्वर जलद गतीने पुन्हा पुन्हा वाजवण्यालाही हीच संज्ञा आहे. व्हायब्राटो म्हणजे स्वराच्या उंचीतील चढउतार. पहिल्या प्रकारात स्वर जागचा हलत नाही, केवळ लहानमोठा होतो. दुसऱ्या प्रकारात स्वरच वरखाली डोलतो. भारतीय संगीतातील आंदोलित स्वर दुसऱ्या प्रकाराला जवळचा आहे. काही हार्मोनियमना ट्रेमोलोची खुंटी असते. ती ओढली असता हवेच्या प्रवाहात पडणाऱ्या खंडामुळे स्वर थरथरतो. तो प्रामुख्याने पहिला प्रकार होय.

स्ट्रॅटोकास्टरची दांडी स्वराची उंची बदलते. म्हणजे तिचे कार्य व्हायब्राटोचे आहे. फेंडर यांनी मात्र तिला ट्रेमोलो म्हटले आणि एकस्वातही तोच शब्द वापरला. याउलट, पुढे त्यांच्या अँप्लिफायरांवर आवाजाची तीव्रता बदलणाऱ्या परिणामाला व्हायब्राटो असे नाव छापले गेले. कंपनीच्या प्रभावामुळे ही अदलाबदल जगभर रूढ झाली. आजही गिटारवादक दांडीला ट्रेमोलोच म्हणतात.

ट्रेमोलोचे अँप्लिफायर

विद्युत ट्रेमोलोचे जनक फेंडर नव्हेत. डिआर्मंड कंपनीचे स्वतंत्र ट्रेमोलो यंत्र १९४० च्या दशकातच वापरात होते. त्यात एक छोटी मोटार द्रव भरलेली डबी हलवी आणि त्या द्रवामुळे गिटारीचा संदेश ठरावीक वेळाने जमिनीकडे वळून आवाज कमी होई. बो डिडली यांच्या वादनातील प्रसिद्ध कंप या यंत्राचा आहे. याच दशकाच्या अखेरीस काही अमेरिकन कंपन्यांनी अँप्लिफायरमध्येच ट्रेमोलो बसवण्यास सुरुवात केली.

फेंडर यांचा ट्रेमोलो असलेला पहिला अँप्लिफायर, ट्रेमोलक्स, १९५५ मध्ये आला. १९५६ मध्ये व्हायब्रोलक्स आला. त्यांवर कंपासाठी दोनच नॉब होते. एकाने कंपाची गती ठरे आणि दुसऱ्याने त्याची खोली. खोलीचा नॉब पुढील काळात तीव्रता या अर्थाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. पुढील दहा वर्षांत फेंडर यांच्या कारखान्याने या परिणामासाठी मुख्यतः तीन निरनिराळ्या पद्धती वापरल्या.

पहिल्या पद्धतीत संथ आंदोलने निर्माण करणारा एक परिपथ शक्तिवर्धक व्हॉल्व्हच्या बायसमध्ये, म्हणजे त्यांच्या स्थिर विद्युतदाबात, चढउतार घडवतो. त्यामुळे व्हॉल्व्ह आळीपाळीने कमी-अधिक काम करतात आणि आवाज मऊपणे लहानमोठा होतो. प्रिन्स्टन या छोट्या अँप्लिफायरमध्ये ही पद्धत दीर्घकाळ टिकली.

दुसरी पद्धत १९६० च्या सुमारास मोठ्या, तपकिरी आवरणाच्या अँप्लिफायरांत आली. तीत ध्वनीचे खर्ज आणि तार असे दोन भाग करून ते आळीपाळीने लहानमोठे केले जात. एक भाग चढताना दुसरा उतरत असल्याने ऐकणाऱ्याला स्वरच किंचित डोलल्याचा भास होतो. ही रचना व्हॉल्व्हच्या संख्येच्या दृष्टीने खर्चिक होती आणि थोड्याच वर्षांत ती मागे पडली.

तिसरी पद्धत १९६३ पासूनच्या काळ्या दर्शनी पट्टीच्या अँप्लिफायरांत दिसते. ट्विन रिव्हर्ब आणि डिलक्स रिव्हर्ब हे त्यांतील प्रसिद्ध होत. यात एका बंद नळीत निऑनचा छोटा दिवा आणि प्रकाशानुसार रोध बदलणारा एक घटक समोरासमोर ठेवलेला असतो. दिवा लुकलुकला की रोध कमी होतो, संदेशाचा काही भाग जमिनीकडे वळतो आणि आवाज खाली येतो. हा कंप आधीच्या पद्धतींपेक्षा अधिक ठसठशीत असतो.

वादनाच्या जोरानुसार बदलणारा कंप

या पद्धतींतील महत्त्वाचा फरक केवळ कानाला जाणवणाऱ्या पोताचा नाही. वादकाच्या हाताला मिळणाऱ्या प्रतिसादाचाही आहे. बायसच्या पद्धतीत कंप शक्तिवर्धक व्हॉल्व्हमध्येच घडतो. तार जोराने छेडली की मोठा संदेश त्या व्हॉल्व्हना त्यांच्या क्षमतेच्या मर्यादेपर्यंत नेतो, आवाज दाबला जातो आणि कंप कमी जाणवतो. स्वर विरू लागला की कंप हळूहळू स्पष्ट होतो. त्यामुळे जोरदार आघात सरळ ऐकू येतो आणि त्याची शेपटी थरथरते. दिव्याच्या पद्धतीत कंप शक्तिवर्धक व्हॉल्व्हच्या आधीच्या टप्प्यावर घडतो. म्हणून तो हलक्या व जोरकस छेडण्यावर पुष्कळसा सारखाच राहतो.

बायसच्या पद्धतीसाठी वेगळा नॉब नव्हता. अँप्लिफायरचा आवाज, गिटारीवरील आवाजाचा नॉब आणि वादकाचा हात या तिन्हींनी मिळून तो प्रतिसाद ठरत असे. अँप्लिफायरचा आवाज कमी ठेवल्यास कंप सतत आणि सारखा राही. आवाज वाढवल्यास तो हाताच्या जोरावर अवलंबून राही. गिटारीवरील नॉब थोडा उतरवून वादक वाजवता वाजवता कंप पुन्हा वर आणू शके. व्हॉल्व्ह जुने झाले किंवा त्यांचा बायस बदलला तर कंपाची खोलीही बदले, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याला याकडे लक्ष द्यावे लागे.

पुढील पिढ्यांतील पायाने वापरायच्या ट्रेमोलो पेडलांपैकी काहींत हा गुण मुद्दाम स्वतंत्र नियंत्रणाच्या रूपाने दिलेला आढळतो. असे पेडल येणाऱ्या संदेशाची तीव्रता सतत मोजते आणि तिच्यानुसार कंपाची खोली किंवा गती बदलते. संवेदनशीलतेचा नॉब वादकाच्या सर्वांत हलक्या आणि सर्वांत जोरकस आघातांच्या दरम्यान जुळवावा लागतो. तो फार वर ठेवल्यास प्रत्येक आघात सारखाच मोजला जातो, तर फार खाली ठेवल्यास काहीच बदल जाणवत नाही. दिशा निवडण्याची सोय असल्यास जोरकस वादनाने कंप वाढवता येतो किंवा जुन्या व्हॉल्व्हप्रमाणे दाबताही येतो. मूळ गती गीताच्या लयीशी जुळवून, खोली मध्यम ठेवून आणि मग संवेदनशीलता हळूहळू वाढवून हे नियंत्रण वापरणे सोयीचे ठरते.

वादकांशी असलेले नाते

स्वतः वाजवता येत नसल्यामुळे फेंडर प्रत्येक नमुना व्यावसायिक वादकांच्या हाती देत. बिल कार्सन यांच्यासारखे वादक ती वाद्ये कार्यक्रमांत वापरत आणि दोष सांगत. हवाईयन संगीत व काउबॉय गीतांची परंपरा असलेले पाश्चिमात्य ग्रामीण संगीत फेंडर यांच्या विशेष आवडीचे होते. तरीही डिक डेल यांच्यासारखा तरुण वादक अतिशय मोठ्या आवाजात वाजवून अँप्लिफायर आणि स्पीकर निकामी करू लागला, तेव्हा त्याला दोष न देता त्यांनी अधिक शक्तीचा अँप्लिफायर आणि मोठा स्पीकर तयार करण्याचे काम हाती घेतले. शोमन या मालिकेचा विकास या सहकार्याशी निगडित आहे.

कंपनीची विक्री

१९५० च्या दशकापासून फेंडर सायनसच्या चिवट जंतुसंसर्गाने त्रस्त होते. उपचारांना यश येत नव्हते आणि आपले आयुष्य थोडेच उरले आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. त्यामुळे त्यांनी कंपनी विकण्याचे ठरवले. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने ती १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. त्यानंतर काही वर्षांनी नव्या डॉक्टरांच्या उपचारांनी फेंडर पूर्ण बरे झाले. ज्या आजारामुळे त्यांनी आयुष्यभराचे काम दुसऱ्याच्या हाती दिले होते तो गेला, परंतु कंपनी आणि तिच्याबरोबर स्वतःचे आडनाव वाद्यांवर लावण्याचा हक्क त्यांच्याकडे राहिला नव्हता. १९७० पर्यंत ते त्या कंपनीचे सल्लागार होते. नव्या मालकांच्या काळात वाद्यांचा दर्जा घसरल्याची भावना वादकांत पसरली आणि जुन्या वाद्यांना मागणी वाढली.

म्युझिक मॅन आणि जी अँड एल

विक्रीच्या करारानुसार फेंडर यांना दहा वर्षे स्पर्धक व्यवसाय करता येणार नव्हता. ही मुदत संपल्यावर, १९७५ मध्ये, ते म्युझिक मॅन या कंपनीचे अध्यक्ष झाले. जुने सहकारी फॉरेस्ट व्हाइट व टॉम वॉकर यांनी ती उभारली होती. १९७६ मध्ये आलेला स्टिंगरे बास हे या काळातील त्यांचे महत्त्वाचे काम होय. त्यात वाद्यातच विद्युत घटावर चालणारा पूर्ववर्धक बसवलेला होता, त्यामुळे वादकाला खर्ज व तार स्वरांची पातळी वाद्यावरूनच वाढवता येई.

भागीदारांशी मतभेद झाल्यावर त्यांनी जॉर्ज फुलरटन यांच्यासह जी अँड एल ही कंपनी सुरू केली. हे नाव जॉर्ज आणि लिओ या दोन नावांच्या आद्याक्षरांवरून आले आहे. फुलरटन शहरातील तिचा कारखाना फेंडर अव्हेन्यू या रस्त्यावर होता. येथे त्यांनी दोन टेकूंवर झुकणारी नवी घोडी तयार केली. तिचे कार्य स्ट्रॅटोकास्टरच्या घोडीसारखेच, परंतु तारा सुरात ठेवण्याच्या दृष्टीने ती अधिक स्थिर होती. या घोडीच्या नावात मात्र व्हायब्राटो हा शब्द होता. अशा रीतीने सुमारे पंचवीस वर्षांनंतर त्यांच्या या यंत्रणेला तिचे बिनचूक नाव मिळाले.

अखेरची वर्षे आणि निधन

पत्नी एस्थर यांचे १९७९ मध्ये निधन झाले. १९८० मध्ये फेंडर यांनी फिलिस यांच्याशी विवाह केला. उतारवयात त्यांना कंपवाताने ग्रासले. बोलणे आणि हातांची हालचाल अवघड होत गेली, तरीही ते कारखान्यातील आपल्या कामाच्या मेजावर येत राहिले आणि जवळजवळ अखेरपर्यंत नवे नमुने तपासत राहिले. २१ मार्च, १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. सांता आना येथील फेअरहेव्हन स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

सन्मान आणि वारसा

१९९२ मध्ये फेंडर यांचा मरणोत्तर समावेश रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये करण्यात आला. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला. टेलिकास्टर, स्ट्रॅटोकास्टर आणि प्रिसिजन बास या वाद्यांचे मूळ स्वरूप आजही फारसे बदललेले नाही.

त्यांच्या अँप्लिफायरांतील तिन्ही प्रकारचे कंप आजच्या अंकीय उपकरणांतून नक्कल करून दिले जातात. त्या नकलांत सर्वांत कठीण भाग कंपाची गती किंवा खोली साधण्याचा नसतो. हलक्या आणि जोरकस आघाताला जुना व्हॉल्व्ह ज्या वेगवेगळ्या रीतीने उत्तर देत असे, ती रीत साधणे अधिक अवघड ठरते. गिटार वाजवता न येणाऱ्या या कारागिराच्या यंत्रांचे मोल वादक आजही बहुतेक याच कसोटीवर ठरवतात.